अक्षर कुणाचं

आमच्या कंपनीतले रहाटणीचे एक टेक्निशियन मोबाईलचे टॉवर असे सांगायचे, जणू शेजाऱ्यांच्या शेतांचे बांधच दाखवताहेत. "काळेवाडीला सिग्नल उशिरा पोचला, सांगवीला लवकर. म्हंजी फोन सांगवीच्या अंगाला हाय," असं म्हणून ते लगेच वहीत नोंद करायचे. इमारतींवर आपटून सिग्नल रेंगाळतो. त्यामुळे मापात येणारी चूक वजा करून फोनची नेमकी जागा काढायची युक्ती त्यांनीच शोधली. मी ती इंग्रजीत लिहिली आणि कंपनीने पेटंट घेतलं. त्यावर संशोधक म्हणून माझं एकट्याचं नाव लागलं.

पुढे दुसऱ्या कंपनीने ही पद्धत आपलीच असल्याचा दावा लावला. जुना पुरावा हवा होता, म्हणून मी त्या टेक्निशियनना वही घेऊन चिंचवडच्या ऑफिसात बोलावलं.

कंपनीच्या वकीलबाईंनी पानं चाळली. "हे अक्षर कुणाचं?"

"यांचं. मी सांगत गेलो, यांनी लिहिलं," मी म्हणालो.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"व्हय. साहेबांनी सांगितलं तसंच लिवलंय."

बाहेर जिन्यात मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"तुमी आधी बोलून बसला होता. चारचौघांत तुमाला कसं पाडायचं?"

त्या वहीवर आम्ही दावा जिंकलो. अजूनही ते भेटले की मी त्यांच्या गुडघ्याची, सुनेची चौकशी करतो. माफी मागायची सोडून सगळं बोलतो.