खुटबावची मंगळवार संध्याकाळ

पुण्याहून केंदूरची पहिली एसटी पकडली तेव्हा माझ्या पिशवीत एक वही, कागदात गुंडाळलेल्या दोन चपात्या आणि स्टीलच्या डब्यात चार फ्लॉपी होत्या. वाकल्या तर सगळेच संपले असते, म्हणून डबा फ्लॉप्यांना दिला होता. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. कामासाठी एकटीने निघण्याचीही ही पहिली वेळ. केंदूर कधी येईल, हे कंडक्टरला मी तीनदा विचारले.

काम असे होते. एका दूध संघाच्या दोन गावांतल्या संकलन केंद्रांवर दोन वेगळे प्रोग्राम चालत. केंदूरचा फॉक्सप्रो या जुन्या संगणकभाषेतला, खुटबावचा व्हिज्युअल बेसिकमधला. दोघांना एकमेकांचे काही कळत नसे. संघाचे साहेब आमच्या सरांना म्हणाले होते, "शनिवारी मी पुण्यातून एकच प्रश्न विचारणार. दोन्ही केंद्रांकडून बरोबर उत्तर आलं तर ठीक, नाहीतर दोन्ही काढून नवा एकच बसवतो." त्या उत्तरावर माझा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प अवलंबून होता. मी एक कॉम्पोनंट, म्हणजे प्रोग्रामचा छोटा स्वतंत्र भाग, लिहिला होता. जुन्या प्रोग्रामला हात न लावता तो संघाचा प्रश्न त्याला समजेल असा विचारणार आणि उत्तर फोनच्या तारेवरून परत पाठवणार.

शिक्रापूर सोडले तसे माळ आणि कांद्याची शेते लागली. केंदूरच्या केंद्राचे सचिव आप्पा संगणकावरचा रुमाल न काढताच बसले होते.

"हे तुमचं टाकलं की आमचं जातंय का?"

"नाही आप्पा. तुमचं तसंच राहतं. माझं फक्त दारात बसून विचारतं."

"म्हंजी भावकीच की. दारात बसायचं आन् इचारत ऱ्हायाचं."

मला हसू आवरेना. मग त्यांनी रुमाल काढला. तासाभरात मंगळवारी संध्याकाळी दूध घातलेल्यांची यादी पडद्यावर आली. आप्पांनी बोट ठेवून एकेक नाव वाचले आणि "बरूबर हाय" म्हणाले. घरून त्यांनी माझ्यासाठी शेंगोळे (हुलग्याच्या पिठाच्या वळ्या रश्शात शिजवून करतात) मागवले. इतके तिखट होते की नाक पुसत जेवले.

परत शिक्रापूरला येऊन घाईत चुकून शिरूरच्या गाडीत चढले. पुढच्या फाट्यावर उतरून परत येण्यात तास गेला. दुसऱ्या एसटीने न्हावऱ्यावरून पारगावचा पूल ओलांडला आणि देखावाच बदलला. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच गुऱ्हाळाचा गोड धूर. चौफुल्याहून जीपने खुटबावला पोचले तेव्हा दुपार कलली होती.

तिथला प्रोग्राम रफिकभाईंनी स्वतः लिहिलेला. चार पिढ्या याच गावात राहिलेले घर. दिवसा ते केंद्र चालवत आणि फावल्या वेळात पुस्तकातून शिकत. "तुमचं कॉलेज, आमचं पुस्तक. बघू कोण पास होतंय," ते म्हणाले. माझा कॉम्पोनंट पहिल्याच फटक्यात चालला. मला फार आनंद झाला.

"मंगळवारी सांच्याचं दूध नासलं. ते घालणाऱ्यांची नावं संघानं मागितलीत, नोटीस धाडायला," रफिकभाई म्हणाले. "तीच यादी काढा."

मी काढली. ते मोठ्याने वाचू लागले. तिसरेच नाव शांताबाईंचे. त्या पेंडीचे पोते घ्यायला आल्या होत्या आणि दारातच उभ्या होत्या.

"कोण म्हनतंय? मंगळवारी मी यवतला लेकीकडं व्हते. दूध घातलंच न्हाई."

"मावशी, यंत्रात आहे," मी चाचरत म्हणाले.

"मग यंत्राला इचार, शांता कुठं व्हती."

रफिकभाईंनी पुढची नावे वाचली. मग म्हणाले, "ही तर सोमवारी सांच्याच्या लोकांची नावं हायेत." केंदूरला टँकर दोन वेळा येतो. खुटबावला मात्र सकाळी एकदाच. संध्याकाळचे दूध रात्रभर कूलरमध्ये राहते आणि सकाळच्या दुधाबरोबर जाते, म्हणून गाव त्याला दुसऱ्या दिवशीची तारीख घालते; सोमवारच्या संध्याकाळवर मंगळवारची. मी दोन्ही प्रोग्राम जोडले होते, पण खुटबावचा दिवस कधी सुरू होतो, हे विचारलेच नव्हते.

"तारीख तुमच्या प्रोग्राममध्ये बदलता येईल का?" मी हळूच विचारले.

"ताई, लोकांच्या कार्डांवर पन तीच तारीख हाय. गाव बदलायचं का तुमच्यासाठी?"

उत्तर मला माहीत होते. शांताबाई अजून उभ्याच होत्या. घरचे लोक माझ्या कॉलेजविषयी इतक्या अभिमानाने बोलतात की चूक कबूल करणे मला जड जाते. तरी म्हणाले, "मावशी, चूक माझी आहे. यांच्या प्रोग्रामची नाही. दुरुस्त केल्याशिवाय मी जाणार नाही."

परतीची एक गाडी सोडली. प्रत्येक केंद्राने आपला दिवस कधी सुरू होतो ते एकदाच सांगावे आणि बदल माझ्या भागाने करावा, असे लिहायला घेतले. दोनदा चुकले. रफिकभाईंनी चहा पाजला आणि प्रोग्राममधला एक कंस दुरुस्त केला. तेवढ्यात संध्याकाळचे दूध येऊ लागले. मी पडद्यावर आजची संध्याकाळ मागितली. एकेक कॅन ओतला जाई, एकेक नाव उमटे. नाव वाचून मी मान वर करी, तर तोच माणूस समोर. मग मंगळवार मागितला. शांताबाईंचे नाव नव्हते. त्यांनी पोते सायकलवर टाकले आणि म्हणाल्या, "आता जा. गाडी चुकंल."

खुटबाव स्टेशनवरून मिळालेल्या पॅसेंजरमध्ये खिडकीशी बसून मी वहीतले प्रकल्पाच्या अहवालाचे पहिले प्रकरण फाडले. त्यात नुसत्या यंत्रांच्या आकृत्या होत्या, गाव कुठेच नव्हते. शनिवारी साहेबांनी दोन्ही केंद्रांना मंगळवारचीच संध्याकाळ विचारली, खुटबावचे उत्तर रफिकभाईंच्या हजेरीच्या वहीशी ताडून पाहिले आणि म्हणाले, "राहू द्या दोन्ही." सरांनी अहवाल चाळून विचारले, पहिल्या पानावर टँकर गावात किती वाजता येतो हे कशाला? मी म्हणाले, "सर, जोडणी तिथून सुरू होते." मी ते पान काढले नाही.