आमच्या शेडखालची हेजहॉगची कवटी

मंडळी, नवीन लोकांसाठी सांगते, मी मेलेल्या रानटी प्राण्यांच्या कवट्या गोळा करते. कोल्हा, बॅजर, हरीण. प्रत्येकीला चिठ्ठी बांधते: कुठे मिळाली, प्राणी कशाने मेला.

हेजहॉगची, म्हणजे इथल्या काटेरी पाठीच्या छोट्या प्राण्याची, कधी मिळाली नव्हती. आज मिळाली, लंडनमधल्या हॅरोला, आमच्याच घरामागच्या बागेत, जुनी शेड काढताना. अंगठ्याएवढी, सगळे दात शाबूत. आधी मला नुसता आनंद झाला, हे कबूल करते.

मग आठवलं. दोन वर्षांपूर्वी आई पुण्याहून आली होती. कोल्हा रोज तिच्या तुळशीपाशी घाण करायचा. "अगं, मी इथे पूजा कशी करू?" म्हणाली. मी एका दुपारी कुंपणाखालची सगळी फट फळ्या ठोकून बंद केली.

कोल्हा वरून उडी मारून येतच राहिला. हेजहॉगला उडी मारता येत नाही. त्याच फटीतून ये-जा करणारा तो आत अडकला असणार.

तेव्हा शेजारच्या मार्गारेटबाई विचारायच्या, "आमचा हेजहॉग जेवायला येत नाही, तुला दिसला का?" मी म्हणायचे, कोल्ह्याने नेला असेल.

आज फळ्या काढल्या. पण आता त्या फटीतून यायला कोणी उरलेलं नाही.

चिठ्ठीवर जागा लिहिली. 'कशाने मेला' पुढे अजून काही लिहिलेलं नाही. खिडकीतून मार्गारेटबाई दिसताहेत, हेजहॉगसाठी बशीत मांजराचं खाणं काढून ठेवताहेत. दोन वर्षं रोज ठेवतात. त्यांना सांगू का?