आईला न येणारी रांगोळी

आमच्या दारात कधीच रांगोळी नव्हती. आई पहाटे उठून मुलुंडच्या पोळीभाजी केंद्रात कणीक मळायला जायची. रांगोळीला वेळ कुणाच्या बापाला होता?

म्हणून माझ्या पीएचडीच्या गाईडनी, म्हणजे सरांनी, पत्रकाराला फोनवर "कल्पना हिच्या आईच्या रांगोळीतून आली" असं ठोकून दिलं, तेव्हा मी हसलेच. वाटलं, थट्टा करतायत.

कल्पना होती पोकळ ऑप्टिकल फायबरची. साध्या फायबरमध्ये प्रकाश काचेतून जातो. आमच्या फायबरमध्ये मधोमध हवा आणि भोवती काचेची बारीक जाळी, प्रकाशाला बाहेर निसटू न देणारी. ती जाळी रचायची कशी, हाच सगळा झगडा. मी फरशी बसवतात तसे चौकोन आणि त्रिकोण मिसळून पाहिले, मध्ये फट राहणार नाही असे. कांजूरमार्गच्या आमच्या खोलीत, डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास नको म्हणून खिडक्या लावून, डोकं फुटेस्तोवर गणितं केली. कितीतरी रचना वाया गेल्या. एक चालली.

"सर, आईला रांगोळी येत नाही."

"अगं, लोकांना गणित नको असतं, गोष्ट हवी असते. तुझाच फायदा आहे."

कसला डोंबलाचा फायदा! पण थिसिस त्यांच्या सहीसाठी अडकलेला. निदान पेपरात नाव तरी येईल, म्हणून गप्प बसले.

सर फोटोग्राफरला घेऊन घरी आले. आई कामावर दांडी मारून, ठेवणीतली साडी नेसून बसलेली. "माका खंय येता रांगोळी?" ती माझ्या कानात कुजबुजली. मग स्वतःच म्हणाली, "तुझा नाव येतला मां? मग काढतंय." शेजारच्या काकूंकडून तिने रांगोळी मागून आणली. कॅमेऱ्यासमोर तिची रेघ भलतीकडेच जात होती. सर मागे उभे राहून कौतुकाने हसत होते. अस्सा संताप आला, एक थोबाडीत द्यावीशी वाटली.

रविवारी बातमी आली. मोठा फोटो: सर उभे, त्यांच्या पायाशी आई. खाली लिहिलं होतं की एका विद्यार्थिनीच्या घरची रांगोळी पाहून सरांना ही रचना सुचली.

आईने चष्मा लावून बातमी वाचली. मग पुन्हा वरपासून.

"ह्यात तू खंय गो?"

ती फोटोकडे बघत राहिली.

"माझी रांगोळी वाकडी झाली, म्हणान काय?"