भिजवलेले बदाम

लग्न झालं तेव्हा सासूने दोन गोष्टी बजावल्या. तालमीच्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही, आणि रोज रात्री न चुकता बदाम भिजवायचे. दोन्ही मी पाळल्या. नवरा पैलवान. पहाटे तालीम, मग थंडाई, झोप, संध्याकाळी पुन्हा तालीम. जत्रा सुरू झाल्या की गावोगावच्या कुस्त्या. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलांच्या कडा शिवते. पैलवानाची बायको म्हणजे मिरवायची गोष्ट, असं तिथल्या बायकांना वाटायचं. मला त्यातलं माहीत होतं ते बदाम वाटणं आणि तांबड्या मातीने भरलेले कपडे धुणं.

घरातलं एक काम मात्र तो करायचा. धुतलेल्या चादरी पिळून दोरीवर टाकायचा. सोलापुरी चादर भिजली की दोन बायकांना आवरत नाही. तो एकटा पिळायचा, आणि खाली थेंब पडायचा नाही.

मागच्या थंडीत चादरी ठिबकायला लागल्या. त्याच्या डाव्या हाताला जोर लागत नव्हता. तो काही बोलला नाही, मीही नाही. तो तालमीला गेला की मी चादरी उतरवून पुन्हा पिळायची. शिवाय बदाम मूठभर वाढवले. ताकद कमी वाटली की खुराक वाढवायचा, आमच्या घरात दुसरं औषधच नव्हतं. दोन महिने हेच चाललं. त्याने दुखणं लपवलं, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. लपवलं दोघांनी.

शर्टाचं बटण लागेना, तेव्हा दवाखाना गाठला. मानेतली नस दबली होती. पुन्हा मानेवर पडलात तर पायही जातील, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "मैंदर्गीच्या जत्रेतली कुस्ती तेवढी करतो. मग बास."

"आणि पाय गेले तर उचलणार कोण? मी? वजन बघा की स्वतःचं."

तो हसला.

जत्रेतल्या मोठ्या कुस्तीसाठी गावचे पंच घरी नारळ घेऊन येतात. एकदा तो हातात घेतला की माघार नसते. पंधरा दिवसांनी मैंदर्गीचे म्हातारे पंच आले. तेही एकेकाळचे पैलवान.

"एन्री, काय म्हणता पैलवान! औंदा मोठी कुस्ती तुमचीच. समोरचा गडी पंचविशीतला हाय, लई उड्या मारतोय. जरा मातीत बसवा त्याला."

त्यांनी नारळ पुढे केला. मी चहा घेऊन दारात उभी होते. बोलायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पंचांसमोर बायकोने अडवलं असतं तर त्याने हट्टाने नारळ घेतला असता.

नवऱ्याने नारळाकडे पाहिलं आणि डावा हात पुढे केला.

"काका, आधी हात द्या."

पंचांनी हात दिला. नवऱ्याने तो मुठीत धरला.

"दाबा की," पंच म्हणाले.

"दाबलाय."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी तो हात सोडला नाही. "कवापास्नं?"

"थंडीपास्नं."

"घरात ठाऊक हाय?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "तिला माज्याआदी ठाऊक हुतं. माज्यामागनं चादरी पिळती."

मी चहा खाली ठेवला.

पंचांनी नारळ पिशवीत परत ठेवला. चहा पूर्ण प्यायले. उठताना म्हणाले, "बघायला तरी या."

"औंदा न्हाय, काका."

त्या रात्री सवयीने मी बदाम भिजवले. सकाळी लक्षात आलं. तो तालमीला गेला नव्हता, ओट्याशी येऊन उभा होता. टाकून कशाला द्यायचे? मी सोलायला बसले. निम्मे त्याच्यापुढे ठेवले, निम्मे मी खाल्ले. इतकी वर्षं बदाम वाटले, पण चव पहिल्यांदा कळली. मग डबा भरला आणि कामावर गेले.