गोटोबा, उत्तमराव आणि चार एकर सोयाबीन

पुसेगावच्या उत्तमरावांना काहीही विचारलं की ते आधी दोन्ही हातांची बोटं उघडझाप करायचे. समोरच्याला वाटायचं, माणूस विचार करतोय. माणूस विचार करत नसायचा. तो मनातल्या मनात गोटा उचलत असायचा.

गोटा म्हणजे गावाबाहेरच्या माळावर, मारुतीच्या देवळासमोरच्या ओट्यावर असलेला गोल काळा दगड. तेल पिऊन पिऊन तुकतुकीत झालेला, वजनाला वीसेक किलो. गाव त्याला लाडानं गोटोबा म्हणतं. रीत अशी की पाय धुवायचे, उकिडवं बसायचं, गोट्याला दोन्ही हातांत धरायचं आणि म्हणायचं, "हो असेल तर हलका हो, नाही असेल तर जड हो." गोटा गुडघ्याच्या वर आला तर देव हो म्हणाला. नाही आला तर गपगुमान नारळ घेऊन घरी जायचं.

गावातले इतर लोक गोटोबाला लग्न, विहीर, कोर्टकचेरी अशा वजनदार गोष्टी विचारायचे. उत्तमरावांनी त्याला घरातलाच माणूस करून टाकलं होतं. पेरणी कधी करायची, बैल कोणता घ्यायचा, थोरल्या मंजुषाचं स्थळ कसं आहे, हे तर झालंच. पण दाढ काढायची का ठेवायची, शर्ट चौकटीचा घ्यायचा का पट्ट्यांचा, हेही ते तिथंच ठरवायचे. एकदा गोरेगावच्या हॉटेलात पोऱ्यानं विचारलं, "काका, साखर कमी का जास्त?" उत्तमरावांची बोटं वळवळली. पोऱ्या दोनदा फडकं मारून गेला, तरी चहाचा निकाल लागेना.

आणि नवल असं, की सत्तावीस वर्षांत गोटोबानं उत्तमरावांना एकदाही नाही म्हटलं नव्हतं. दरवेळी गोटा फुलासारखा वर. याचं उत्तमरावांना भारी कौतुक होतं. "देव आपल्यावर खूश हाय," ते बायकोला, सखुबाईला सांगायचे. सखुबाई भाकरी थापता थापता म्हणायच्या, "असंन बा. मी एकदा माहेरी जाऊ का म्हून इचाराय लावलं व्हतं, तवा तुमी गेलेच न्हाई."

यंदा भादव्यात सेनगावच्या बाजारातून परत येताना जीप खचाखच भरलेली होती. उत्तमराव मागच्या शिडीला लोंबकळले. खड्ड्यात जीप आदळली, सगळे लोंबकळणारे खाली उतरले, म्हणजे पडले. उत्तमराव मात्र एका उजव्या हातावर टिकून राहिले. गावात येईस्तोवर आणि आल्यावरही आठ दिवस त्यांनी हा पराक्रम भेटेल त्याला ऐकवला. खांद्यात त्या वेळी कट्ट झालं होतं, तेवढी बारीकशी गोष्ट वगळून. पराक्रम सांगितल्यावर दुखणं कसं सांगणार? ते डाव्या हातानं भांग पाडू लागले. भांग उलटा पडू लागला. सखुबाईला वाटलं, म्हातारपणी फॅशन सुचून राहिली.

दसरा झाला आणि सोयाबीन पिवळं पडून कापणीला आलं. चार एकर. यंदा दाणा असा भरलेला की शेंग दाबली तर बोटाला हिसका द्यायची. उत्तमराव नारळ घेऊन माळावर गेले. पाय धुतले, बसले, म्हणाले, "सोंगणी उद्या लावू का?"

गोटा हलला नाही.

त्यांनी पुन्हा धरला. खांद्यातून कळ डोक्यापर्यंत गेली. ती कळ म्हणजे देवाचा कोप आहे हे त्यांनी तिथल्या तिथं ओळखलं. गोटा जिथल्या तिथं.

देवळाचे पुजारी सूर्यकांतकाका सहाण धुवत होते. त्यांनी मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा उत्तमराव नारळ न फोडता घरी आले.

दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी उत्तमरावांनी देवाला थोडी सवलत दिली. म्हणाले, "चार एकर राहू दे, एक एकर तरी?" नाही. पाचव्या दिवशी त्यांनी नुसतंच विचारलं, "मी उत्तमच हाय ना?" त्यालाही गोटोबानं नकार दिला. त्या दिवशी उत्तमराव जेवले नाहीत.

इकडे गावातली सोयाबीनं निघाली. नानीबाईची टोळी, म्हणजे एकरी ठरवून सोंगणीचं गुत्तं घेणाऱ्या अकरा बाया, रोज सकाळी उत्तमरावांच्या दारावरून विळे घेऊन दुसऱ्याच्या वावरात जायची. नानीबाई जाता जाता हाळी द्यायची, "उत्तमदादा, देव उठला का? का आमी पुढचं गाव धरू?" आणि बाया फिदीफिदी हसत जायच्या.

दुपारचं ऊन तापलं की वावरात शेंगा तडकायच्या. शेजारच्या बांधाचा जळबा मुद्दाम तंबाखूची चंची सोडून तिथं ऐकत बसायचा.

"उत्तमराव, तुमचं सोयाबीन बोलून राहिलं हो."

"काय म्हणते?"

"म्हणते, मालक आला न्हाई त आमीच उतरतो खाली."

उत्तमराव हसले नाहीत. तडतड त्यांच्याही कानात होती. एकेका तडाख्याला दोन-तीन दाणे मातीत, आणि मातीत गेलेला दाणा कोण वेचणार? वर पश्चिमेला रोज संध्याकाळी ढग जमून राहिले होते. एक सर आली की उरलेलंही काळं. वर्षाचं पीक डोळ्यांदेखत उतू चाललं होतं, आणि ज्याच्या शब्दाशिवाय विळा लावायचा नाही तो देव रुसून बसला होता.

धाकटी पूनम सेनगावच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, विषय मानसशास्त्र. हा विषय घेतल्यापासून तिला घरातल्या सगळ्यांचे मेंदू दिसायला लागले होते. नवव्या दिवशी ती मोबाईल घेऊनच बापासमोर बसली.

"बाबा, हे ऐका. माणूस जास्त श्रद्धाळू असला की त्याच्या मेंदूचा विचार करणारा भाग झोपून जातो."

"कोन म्हणते?"

"एक शास्त्रज्ञ म्हणतो."

"कुठला हाय?"

"तिकडचा आहे, अमेरिकेचा."

"तू पाह्यलास?"

"मी कशी पाहणार, बाबा?"

"मंग मी गोटोबाला रोज पाहतो. हात लावतो. तू न पाहता इश्वास ठेवून राहिली. सांग, कोनाचा मेंदू झोपला?"

पूनमनं तो लेख मथळ्याच्या पुढे वाचलेला नव्हता, त्यामुळे ती जरा अडखळली. स्वयंपाकघरातून सखुबाईचा हसण्याचा आवाज आला. पूनमनं मायलाच बोलवलं. "माय, तूच सांग यांना. सोयाबीन चाललं मातीत."

सखुबाई बाहेर आल्या. हातात भरलेली कळशी होती. "तेवढी माठात रिकामी करा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. खरं म्हणजे सत्तावीस वर्षांत त्यांनी नवऱ्याला असं काम सांगितलं नव्हतं, पण नऊ दिवस उदास हिंडणारा माणूस बघून त्यांचाही जीव विटला होता.

उत्तमरावांनी कळशीच्या काठाला हात घातला. कळशी वीतभर उठली आणि खाली आली. पाणी पायजम्यावर.

पूनम उठून उभी राहिली. "बाबा, पुन्हा उचला."

"काहून?"

"उचला तर!"

पुन्हा वीतभर. उत्तमरावांचं तोंड चिंच खाल्ल्यासारखं झालं.

"माय!" पूनम टाळ्या पिटत ओरडली. "खांदा! बाबांचा खांदा गेलाय! देव कुठं नाही म्हणतोय? बाबांच्यानं उचलतच नाही! बघ, कळशी पण नाही म्हणून राहिली!"

"कळशीला मी काय इचारलं व्हतं?" उत्तमराव गरजले.

सखुबाई आधी घाबरल्या, मग नवऱ्याचा उलटा भांग त्यांच्या ध्यानात आला, आणि त्या खाली बसून पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. "आन मी म्हनते, यांना झालं काय! शर्टात हात घालाय अर्धा तास! अवो, सांगायचं न्हाई का?"

पण उत्तमराव असे तसे हार जाणारे नव्हते. पायजमा पिळत म्हणाले, "बराबर हाय. खांदा दुखते. पन खांदा दुखवला कोनं? त्यानंच. त्याला न्हाई म्हणायचं व्हतं म्हून त्यानं आधी खांदा धरला."

पूनमनं कपाळाला हात लावला. यावर मानसशास्त्राच्या पुस्तकात काही नव्हतं.

"मंग उद्या मी उचलते," सखुबाई म्हणाल्या.

"बाया न्हाई उचलत," उत्तमराव म्हणाले.

"कोनं म्हणलं?"

कोणी म्हटलं, हे त्यांनाही आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघंही माळावर गेले. ही बातमी त्यांच्या आधी पोहोचली होती, कारण वाटेत नानीबाई भेटली होती. त्यामुळे ओट्याभोवती अकरा बाया विळ्यांसकट उभ्या, जळबा चंचीसकट. उत्तमरावांनी सूर्यकांतकाकांना विचारलं, "काका, बायांनी उचललेलं चालते का?"

काकांनी जानवं सारखं केलं. "नियम असा कुठे लिहिलेला नाही, उत्तमराव. माझ्या वडिलांच्या वेळेपासून एकाही बाईने विचारलंच नाही, एवढंच. आणि देवाने तरी स्वतःहून कशाला सांगावं?"

सखुबाईनं पाय धुतले, पदर खोचला, बसल्या. "बाबा, सोयाबीन सोंगू का? हो असंन त हलका हो."

रोज तीस किलोचा वैरणीचा भारा डोक्यावर आणणारी बाई ती. गोटा गुडघ्यावर आला, कमरेवर आला, आणि सखुबाईला कळेना आता थांबायचं कुठं, तर त्यांनी तो लेकरू घ्यावं तसा कडेवर घेतला. बायांनी एकच गिल्ला केला.

"अगं खाली ठेव, देव हाय त्यो!" उत्तमराव.

"थांबा, अजून एक इचारते," सखुबाई गोट्याला थोपटत म्हणाल्या. "बाबा, दिवाळीला माहेरी जाऊ का? हं, चाललं त्याला."

मग रांगच लागली. नानीबाईनं उचलला, तिच्या सुनेनं, संगीतानं उचलला. एकीनं टीव्हीचं विचारलं, एकीनं सासूचं. देव सगळ्यांना हो म्हणत सुटला. जळबानं चंची बाजूला ठेवून हात लावला, तर गोटा निम्म्यावरून खाली. "मला न्हाई म्हणाला," तो म्हणाला. "काय इचारलं?" नानीबाई. "सांगायचं न्हाई."

या सगळ्या धिंगाण्यात उत्तमराव मात्र पायरीवर जाऊन बसले. त्यांना खरंच सुचेना. एकाच प्रश्नाला एकाच देवानं त्यांना नऊ दिवस नाही म्हटलं आणि बायकोला एका दमात हो. यातलं खरं कोणतं? हे आता कोणाला विचारायचं?

सखुबाई गोटा खाली ठेवून शेजारी येऊन बसल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "एक सांगू? रागाऊ नका. तुमी जवा जवा गोट्याला इचाराय आले, त्याच्या आदल्या दिशी मी पाह्यचे, तुमी इळ्याला धार लावून ठेवलेली राह्यची. बैल आणायच्या आधी दावं वळलेलं राह्यचं. मंजुषाचा नवरा तुमी दोनदा गुपचूप पाहून आल्ते, मंग गोटा उचलला."

"मंग?"

"मंग काय. उचलायच्या आधी तुमचं ठरलेलं राह्यचं. देवाला कामच काय व्हतं? त्यो आपला हो म्हणून मोकळा."

उत्तमरावांनी मागं उभी राहून ऐकणाऱ्या पूनमकडे पाहिलं. पूनमला म्हणायचं होतं की मेंदू झोपलेला नव्हताच, नुसता डोळे मिटून बसला होता. पण मायनं एका वाक्यात जे सांगितलं ते तिच्या दोन वर्षांच्या वह्यांत नव्हतं, म्हणून ती मायशेजारी पायरीवर टेकली.

उत्तमराव उठले, गोट्याला हात जोडून काहीतरी पुटपुटले आणि एकटेच वावराकडे निघाले. बांधावर उभे राहिले. ऊन चढत होतं. त्यांनी एक शेंग तोडली, कानाजवळ खुळखुळवली, दाणा दाताखाली धरला. कडक. बुडातल्या शेंगा तडकल्या होत्या, वरच्या अजून धरून होत्या. म्हणजे चार आण्यांचं गेलं, बारा आण्यांचं हातात होतं, पण आजचाच दिवस. पश्चिमेला पाहिलं. कापसासारखे ढग, संध्याकाळपर्यंत त्यांची तोंडं काळी होणार. हे सगळं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. हे त्यांना चाळीस वर्षांपासून दिसत होतं. आज फक्त त्या दिसण्यावर सही करायला दुसरं कोणी नव्हतं. चुकलं तर देवाचं नाव सांगता येणार नव्हतं. आपलंच नाव.

मागं वळून त्यांनी माळाकडे हाळी दिली. इतक्या जोरात, की खांदा विसरले.

"नानीबाई! आना टोळी! आत्ता! वावराच्या खालच्या अंगानं धरा, वरचं अंग दुपारनं! उभं न्हाई ठेवायचं एक झाड!"

अकरा बाया हसत, पदर खोचत उताराला लागल्या. सखुबाई सगळ्यांच्या पुढं. पूनम धापा टाकत बापाजवळ आली.

"बाबा, देवाला विचारलं?"

उत्तमरावांची बोटं वळवळली नाहीत. दोन्ही हात त्यांनी कमरेवर ठेवले होते. उजवा जरा खालीच.

"इचारलं न्हाई," ते म्हणाले. "निघताना सांगून आलो. आन तू काय मोबाईल घेऊन उभी? इळा घे. माह्या मेंदूचं मंग पाहू, आधी ढग पाह्य."