कुंडीकडे बघून

आमच्या क्लबच्या हिरवळीवर सुलभाताई सकाळी लॉन बोल्सचा सराव करतात. बाहेर गवतावर आणि आत हॉलमधल्या गालिच्यावर, दोन्हीकडे त्या वर्षानुवर्षं चॅम्पियन. सत्तरी उलटली, तरी उद्या पुन्हा फायनल.

काल त्यांनी वाकून गवतावर तळहात ठेवला. "दव आहे. आज कमी वळेल," म्हणाल्या आणि चेंडू सोडला. पलीकडच्या छोट्या पांढऱ्या चेंडूजवळ तो थांबायला हवा होता, पण निघाला भलतीकडेच, कडेच्या जास्वंदीच्या कुंडीच्या रोखाने.

"अरेरे, चुकला!" मी बोलून गेलो.

तेवढ्यात वेग मंदावला, चेंडू कलला, वळला आणि मांजर पायाशी येऊन बसावं तसा पांढऱ्याला टेकून थांबला.

"एका अंगाला जड असतो हो तो, सरळ जातच नाही," त्या हसल्या. "मी कुंडीकडेच टाकला होता."

जिथे पोचायचं तिथे न बघता ही बाई आयुष्यभर पोचत आली होती!

त्यांनी चेंडू माझ्या हातात दिला. कुंडीकडेच बघायचं, असं मी घोकलं, आणि ऐन वेळी नजर पांढऱ्यावर गेली. चेंडू कडेच्या चरात.

"चालायचंच," त्या म्हणाल्या. "ती नजर सोडवायला मला दहा वर्षं लागली."