मंदाताईंचे मावळे

आमच्या धायरीच्या सोसायटीत रंगनाथ बापटांना सगळे किल्लेदार म्हणतात. तोंडावर आदरानं, आणि पाठीमागे जसं म्हणायचं तसं. पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांचा जन्म गेला. निवृत्त झाल्यापासून दर दिवाळीला पार्किंगच्या कोपऱ्यात ते किल्ला बांधतात. विटा, दगड, चिखलात बुडवलेली गोणपाटं, वर पेरलेले हळीव. सामान सगळ्यांचंच तेच. पण बापटांच्या किल्ल्याला फूटपट्टी लावून बघता येते. दुसऱ्यांच्या किल्ल्यांना ती ते स्वतःच लावतात. मागच्या वर्षी बी विंगमधल्या मुलांच्या किल्ल्यावरचा मावळा त्यांनी उचलला, दरवाजापाशी धरला आणि विचारलं, "हा आत कसा जातो? रांगत?" मुलांची तोंडं एवढीशी झाली. मी हसले. मला असली बोलणी आवडतात, खोटं कशाला सांगू.

पण मला सांगायचंय ते त्यांच्या बायकोबद्दल. मंदाताई पोस्टात होत्या. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात फ्लॅट कुठे घ्यायचा, मुलीनं काय शिकायचं, आमटीत गूळ किती, सगळं बापटांनी ठरवलं. मावळे तेवढे मंदाताईंचे. तेसुद्धा त्यांना मिळाले ते बाजारातले मावळे बापटांच्या मापात बसेनात म्हणून. करंगळीच्या पेराएवढा एकेक मावळा त्या शाडूचा करायच्या, काडीवर वाळवायच्या आणि चार केसांच्या ब्रशानं रंगवायच्या. प्रत्येकाला चेहरा असे. कोणी त्यांच्या पोस्टातला हमाल, कोणी त्यांचे वडील. एकाला माझं नाक होतं. मी ते ओळखलं आणि वर्षभर मनात धरलं. सोसायटीच्या किल्ल्यांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस दर वर्षी बापटांनाच, आणि किल्ल्याचे फोटो निघत ते मावळ्यांचे. हे बापटांना आवडायचं नाही, पण बक्षीस आवडायचं.

दोन वर्षांपूर्वी मंदाताईंना कंपवाताचं निदान झालं. यंदा हात इतका थरथरायला लागला की चहा अर्धा बशीत. तरी श्रावणापासून त्या बसल्या. डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरायचं आणि रंगवायचं. दिवसाला एक, फार तर दोन. मी रोज दुपारी त्यांच्याकडे चहाला जायची, त्यामुळे सगळं डोळ्यांसमोर झालं. मिशी कानापर्यंत जायची, डोळा गालावर उतरायचा. साठ मावळे झाले. एकही सरळ बघत नव्हता.

"कल्याणीताई, हे शेवटचे," त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी ब्रशसुद्धा धरता यायचा नाही. एवढे एकदा उभे राहिले की मी मोकळी."

मी म्हटलं, राहतील की, न राहायला काय झालं.

पाडव्याला सकाळी परीक्षण होतं. परीक्षक दोन. एक मी, तीस वर्षं पोरांचे निबंध तपासल्यामुळे. दुसरा आमचा सेक्रेटरी इंद्रजीत, खराडीला नोकरी करणारा, हातात कायम मोबाईल. बापटांनी राजगड केला होता. तिन्ही माच्या, बालेकिल्ला, सगळं देखणं. आणि त्यावर बुधवार पेठेतून आणलेले चकचकीत तयार मावळे उभे होते. सगळ्यांचा साचा एक, डोळे एकसारखे. त्यांचं डोकं दरवाजाच्या कमानीच्या वर येत होतं. ज्या माणसानं पोरांना त्यावरून रडवलं, त्याच माणसानं स्वतःच्या किल्ल्यावर हे असलं उभं केलं होतं. बायकोचा हात लोकांना दिसू नये, एवढ्यासाठी त्यानं आयुष्यभराचं माप मोडलं. मंदाताई बाजूला खुर्चीवर बसल्या होत्या, दोन्ही हात पदराखाली.

आमच्या स्पर्धेत नियम आहे: मावळे हातानं केलेले असतील तर दहा गुण जास्त. इंद्रजीतनं विचारलं, मावळे घरी केलेत का. बापट म्हणाले, म्हणजे काय, हिनंच केलेत, दर वर्षी हीच करते.

इंद्रजीत बिचारा खूश झाला. त्याला आजारपणाचं काही माहीत नव्हतं. "काकू, एक लाइव्ह करून दाखवा ना प्लीज. मस्त व्हिडिओ होईल, ग्रुपवर टाकतो."

बापट नको नको म्हणेपर्यंत कोणीतरी रंग आणले, ब्रश आणला. किल्ल्याच्या पायथ्याशी ओल्या मातीचा गोळा होता, त्याचाच मंदाताईंनी मावळा वळला. वाकडातिकडा, पण वळला. मग डावा हात मनगटावर ठेवून त्यांनी ब्रश उचलला. पंधरा-वीस माणसं बघत होती. मंदाताईंना नको म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत. मला तेव्हाच कळायला हवं होतं की त्यांना ते लोकांना दाखवायचंच होतं. डोळ्याची रेघ सुरू झाली ती थेट हनुवटीपर्यंत गेली. मागे कोणीतरी फिसकन हसलं. इंद्रजीतनं मोबाईल खाली केला.

मग तो अवघडून म्हणाला, "मग हे बाकीचे काकूंनीच...?"

"दसऱ्याच्या आधी केलेत," बापट म्हणाले. "तेव्हा हात बरा होता. कल्याणीताईंना विचारा, त्या रोज यायच्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मंदाताईसुद्धा. मला त्या प्रसंगातून सुटायचं होतं, दुसरं काही नाही. त्यांची दया आली असं मी नंतर स्वतःला सांगितलं, पण ते खरं नाही.

मी म्हणाले, "हो, मी पाहिलंय त्यांना करताना."

दहा गुण मिळाले, पहिलं बक्षीस मिळालं. संध्याकाळी नाव पुकारलं तेव्हा मंदाताई उठताना बापट हळूच, पण मला ऐकू येईल इतपत म्हणाले, "हात जोडून ठेव. जोडलेले हात हलले तरी चालतात." त्यांनी हात जोडले. ढाल बापटांनी घेतली. मंदाताईंच्या मावळ्यांसाठी टाळ्या झाल्या, मीही वाजवल्या.

भाऊबीजेला दुपारी मी नेहमीच्या वेळेला चहाला गेले. लाज वाटत होती, पण न जाणं जास्त दिसलं असतं. बापट झोपले होते. मंदाताईंनी मला चहा दिला, स्वतः घेतला नाही. मीच विषय काढला. म्हटलं, तुम्हाला लोकांसमोर खाली बघायला लागू नये म्हणून बोलले.

"पण तुम्ही खरंच पाहिलं होतं मला करताना," त्या म्हणाल्या. "तुमच्याशिवाय दुसरं कोणी पाहिलंच नव्हतं."

मग विचारायचं म्हणून विचारलं, तुमचे मावळे आहेत कुठे? मला एक द्या, मी माझ्याकडे ठेवते.

"आहेत की किल्ल्यावरच," मंदाताई म्हणाल्या. "पाडव्याच्या आदल्या दिवशी सुवेळा माचीला चीर गेली. ह्यांना माती पुरेना. माझे साठ बादलीत भिजवले आणि लिंपून टाकले. उरलेला गोळा पायथ्याशी होता, त्यातूनच मी तुम्हा सगळ्यांना एक करून दाखवला."